पापनाशमहून एडीएचडीची गोळी: व्हिडिओवरच्या चिठ्ठीचा खरा खर्च

तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरच्या पापनाशममध्ये बसून पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी मराठीत बोलायचं आणि त्यांनी लिहून दिलेली एडीएचडीची गोळी इथल्या औषधाच्या दुकानातून घ्यायची, हे आज कायद्यात बसतं. अट एवढीच की गोळी ‘नॉन-स्टिम्युलंट’ गटातली हवी. आपल्याकडे व्यवहारात याचा अर्थ ॲटोमॉक्सेटीन. एडीएचडीसाठी प्रसिद्ध असलेलं दुसरं औषध, मिथाइलफेनिडेट, व्हिडिओवरून कुणीच लिहून देऊ शकत नाही. डॉक्टर कितीही नामवंत असो, ॲप कितीही चकचकीत असो.

या भागात मराठी बोलणारी घरं दोन प्रकारची. बँक, रेल्वे, विमा यांच्या बदलीवर आलेली, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे रुजलेली तंजावरी मराठी घरं. मूल एका जागी टिकत नाही, वही अर्धी सोडतं, शाळेतून रोज तक्रार येते, हे सगळं डॉक्टरला घरच्या भाषेत सांगावंसं दोघांनाही वाटतं. म्हणून व्हिडिओ. पण त्याला पैसे किती लागतात याचा हिशेब बहुतेक जण डॉक्टरच्या फीपाशीच थांबवतात. फी हा या खर्चातला लहान तुकडा आहे.

आधी कायदा, कारण खर्चाच्या निम्म्या वाटा तिथूनच फुटतात. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही औषधं पहिल्याच व्हिडिओभेटीत लिहिता येतात, काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला वाढवून देता येतात, आणि काहींना दूरवैद्यकात पूर्ण बंदी आहे. औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मधली आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं या शेवटच्या यादीत येतात. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये आहे. त्याला दोन प्रतींतली चिठ्ठी लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो आणि दुकानाला वेगळा परवाना लागतो. छोट्या गावात असं दुकान सापडेलच असं नाही. म्हणजे तंजावर किंवा तिरुचीची फेरी आलीच.

ॲटोमॉक्सेटीन या बंदीत नाही. तरी पहिल्या व्हिडिओभेटीतच ते लिहायचं की आधी प्रत्यक्ष तपासणी मागायची, हे डॉक्टरच्या हाती आहे, आणि मागणाऱ्या डॉक्टरवर चिडू नये. त्याच मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच डॉक्टरकडे, त्याच आजारासाठी केलेला व्हिडिओ ‘फॉलोअप’ धरला जातो. हा सहा महिन्यांचा नियम ध्यानात ठेवा, पुढे तो पैसे वाचवणार आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. औषध व्हिडिओवर सहज मिळतं म्हणून ते निवडायचं नसतं. अनेक मुलांना मिथाइलफेनिडेट अधिक चांगलं आणि लवकर लागू पडतं. ॲटोमॉक्सेटीनला पूर्ण परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. झटके (टिक्स) असतील, चिंता जास्त असेल, घरात व्यसनाचा प्रश्न असेल किंवा स्टिम्युलंट सोसत नसेल, तर डॉक्टर ॲटोमॉक्सेटीनकडे वळतात. तंजावरची एक फेरी वाचावी एवढ्यासाठी मुलाचं औषध ठरवणं हा खोटा हिशेब आहे.

आता खर्च. सगळ्यात पहिला आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा खर्च निदानाचा. एडीएचडी रक्ततपासणीत दिसत नाही, मेंदूच्या स्कॅनमध्येही नाही. स्कॅन सुचवणाऱ्याला ‘कशासाठी’ असं विचारा. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसावी लागतात. त्यासाठी लांब मुलाखत, पालकांची प्रश्नावली आणि शिक्षकांची प्रश्नावली हवी. पापनाशमच्या शाळेतले शिक्षक तमिळ किंवा इंग्रजीत भरून देतील, पुण्याचे डॉक्टर इंग्रजी वाचतील. म्हणून प्रश्नावली इंग्रजीच मागा आणि वर्गशिक्षकांना ती समजावून द्यायला स्वतः जा. यात पैसे लागत नाहीत, फक्त एक दुपार लागते, आणि हा कागद नसेल तर पहिली व्हिडिओभेट वाया जाते. मग दुसरी भेट, दुसरी फी.

इथे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची गल्लत होते. औषध लिहिण्याचा अधिकार फक्त डॉक्टरचा: एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेला मानसोपचारतज्ज्ञ, किंवा मुलांच्या बाबतीत या विषयात काम करणारा बालरोगतज्ज्ञ. चाचण्या घेणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला हवा. बुद्ध्यांक आणि अध्ययन-अक्षमतेच्या चाचण्यांचा संच खासगीत काही हजार रुपयांना पडतो. तो प्रत्येकाला लागत नाही. नुसती चंचलता असेल आणि वाचन-लेखन वयाप्रमाणे असेल, तर तो आधी करायची गरज नाही. वाचनच अडत असेल तर मात्र कंजूषी नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, पण विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, आणि परीक्षेच्या सवलतींचा मार्ग तिथून जातो.

खासगी मानसोपचारतज्ज्ञांची व्हिडिओभेट साधारण ५०० ते २,००० रुपयांच्या दरम्यान असते, महानगरातल्या नावाजलेल्यांची त्याहून जास्त. फी ठरवताना आकड्याआधी मिनिटं विचारा. पहिली भेट पाऊण तासाची आहे की दहा मिनिटांची? दहा मिनिटांत ५०० रुपये घेऊन एडीएचडीचं निदान करणारा माणूस दीड हजार घेऊन पाऊण तास बसणाऱ्यापेक्षा महाग आहे. आणि फीची पावती मागा. ती देणं डॉक्टरचं कर्तव्य आहे, मार्गदर्शक तत्त्वांत तसं लिहिलंय.

डॉक्टर महाराष्ट्रातला, रुग्ण तमिळनाडूतला, हे चालतं. नोंदणी भारतातली असली की पुरे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा तमिळनाडू वैद्यक परिषदेच्या यादीत पडताळून पाहायला खर्च शून्य. न्यू जर्सीतल्या डॉक्टर मामाची चिठ्ठी मात्र इथे चालत नाही. अमेरिकेतल्या संकेतस्थळांवरचे सल्लेही इथल्या हिशेबाला उपयोगाचे नाहीत. तिथे नियम वेगळे, किमती वेगळ्या, विमा वेगळा. मूल सोळा वर्षांचं किंवा लहान असेल तर व्हिडिओवर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख डॉक्टरने पटवून घ्यायची असते. आजी बसली तरी चालेल, आधार कार्ड जवळ ठेवा.

‘फॉर्म भरा, चिठ्ठी घ्या’ अशा जाहिरातींपासून लांब राहा. समोरासमोर न बोलता, फक्त प्रश्नावलीवर पहिल्यांदाच हे औषध मिळत असेल तर ती चिठ्ठी घेऊ नका. तीन महिन्यांचं ‘पॅकेज’ आगाऊ विकणाऱ्यांनाही माझा नकार. औषध सोसलं नाही तर दुसऱ्या आठवड्यातच थांबवावं लागतं. पॅकेजचे पैसे परत मिळवण्याची लढाई त्यानंतर सुरू होते.

पहिल्या भेटीआधी डॉक्टर काही मोजमापं मागतील: वजन, उंची, नाडी, रक्तदाब. ॲटोमॉक्सेटीन नाडी आणि रक्तदाब थोडा वाढवू शकतं, म्हणून. पापनाशमच्या सरकारी रुग्णालयात हे मोफत होतं. लहान मुलाला रक्तदाबासाठी लहान मापाचा पट्टा लागतो, मोठ्याच्या पट्ट्यावर आकडा चुकतो, तेव्हा तो मागून घ्या. घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झाला असेल किंवा मुलाला हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी मागितला जाईल. बाकीच्यांना तो लागतोच असं नाही. चालू औषधांची यादी द्या. दम्याचं सालब्युटामॉल, नैराश्याचं फ्लुओक्सेटीन किंवा पॅरोक्सेटीन चालू असेल तर ते सांगायलाच हवं, कारण शेवटच्या दोन्हींमुळे ॲटोमॉक्सेटीन रक्तात जास्त साठतं आणि मात्रा बदलावी लागते. काचबिंदूचा एक प्रकार असेल तर हे औषध देतच नाहीत.

आता गोळीचा हिशेब. सगळी गंमत इथे आहे.

ॲटोमॉक्सेटीन वजनावर ठरतं. ७० किलोपर्यंतच्या मुलाला साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम रोज अशी सुरुवात होते, आणि मग किलोमागे १.२ मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. वरची मर्यादा किलोमागे १.४ किंवा एकूण १०० मिलिग्रॅम, यांतलं जे कमी असेल ते. मोठ्या माणसाला ४० पासून सुरू करून बहुधा ८० पर्यंत. गोळ्या १०, १८, २५, ४०, ६० अशा ताकदींत येतात. इंटासचा ‘ॲक्सेप्टा’ आणि सन फार्माचा ‘ॲटेंट्रॉल’ हे ओळखीचे ब्रँड. तीस किलोच्या मुलाचं उदाहरण घेऊ. सुरुवात १५ च्या आसपास, म्हणजे १० किंवा १८ ची गोळी. पुढे ३६ च्या आसपास. हे ३६ दोन अठराच्या गोळ्यांनी होतं, किंवा डॉक्टरला पटलं तर एका चाळीसच्या गोळीने. किंमत ताकदीच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. चाळीसची एक गोळी अठराच्या दोन गोळ्यांपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. म्हणून मात्रा स्थिर झाली की डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘हीच मात्रा एका गोळीत बसेल का?’ मात्रा स्वतःहून मात्र बदलू नका.

समजा स्ट्रिपवरच्या एमआरपीने चाळीसची गोळी ३० रुपयांना पडली. रोज एक म्हणजे महिन्याला ९०० आणि वर्षाला १०,८०० रुपये. मोठ्या माणसाला रोज दोन, म्हणजे महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६००. तुमच्या स्ट्रिपवरचा आकडा घालून हा गुणाकार पहिल्याच दिवशी करा. हे औषध महिन्याभराचं नाही, अनेकांना ते वर्षानुवर्षं लागतं, आणि तिसऱ्या महिन्यात ‘परवडत नाही’ म्हणून बंद केलं तर आधीचे दोन महिने फुकट गेले. डॉक्टरला बजेट आधी सांगण्यात लाज नाही. चांगला डॉक्टर त्याप्रमाणे ब्रँड निवडतो.

मात्रा वाढवत नेण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत एकाच ताकदीच्या तीन-तीन स्ट्रिपा घेऊ नका. आठवड्यात मात्रा बदलली की उरलेल्या गोळ्या कपाटात पडतात. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप, मग पुढची. पहिला महिना महाग वाटतो तो या उरलेल्या गोळ्यांमुळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलावर करही बघा. दुकानात ॲटोमॉक्सेटीनचं नाव सांगून सगळ्यात स्वस्त कंपनी कोणती ते विचारा. जनऔषधी केंद्रात आणि तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘मुदल्वर मरुंदगम’ दुकानात चिठ्ठी दाखवून चौकशी करायला काही लागत नाही. मिळालं तर वर्षाचा खर्च खाली येईल. ब्रँड बदलायचा असेल तर डॉक्टरांना कळवून बदला आणि मग शक्यतो त्यालाच धरून राहा.

चिठ्ठीबद्दल एक बारीक पण कामाची सूचना. महाराष्ट्रातले काही डॉक्टर ‘सकाळी जेवणानंतर’ असं मराठीत लिहितात. पापनाशमच्या ‘मरुंदु कडै’त, म्हणजे औषधाच्या दुकानात, ते कुणाला वाचता येणार नाही. औषधाचं मूळ नाव, ताकद आणि वेळ इंग्रजी ठळक अक्षरांत मागा. घरी मागवणार असाल तर पत्ता तपासा. पापनाशम दोन आहेत, एक हे आणि दुसरं तिरुनेलवेलीकडचं, धरण आणि धबधब्यांचं. पिन कोड चुकला की पार्सल ताम्रपर्णीच्या काठावर जातं. ऑनलाइन दुकानाच्या बिलावर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत हवी. किमान खरेदीची अट आणि पोचवण्याचा खर्च जोडून बघा. गावातल्या दुकानदाराने दर महिन्याला ठरलेली स्ट्रिप मागवून ठेवायचं कबूल केलं, तर मी सवलतीचे पाच-दहा टक्के सोडून त्याच्याकडेच जाईन.

सरकारी वाट मोफत आहे, तिची नावं माहीत असावीत. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं तमिळनाडूतलं नाव ‘नट्पुडन उंगळोडु’. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिडिओची सोय ज्या पहिल्या राज्यांत आली त्यांत तमिळनाडू होतं. ई-संजीवनीवरचा व्हिडिओ सल्लाही मोफत. तिथे डॉक्टर बहुधा तमिळ बोलणारा मिळेल, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांना त्याची अडचण कसली! प्रत्यक्ष भेटीसाठी कुंभकोणमचं सरकारी मुख्यालय रुग्णालय सुमारे पंधरा किलोमीटरवर आणि तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय पंचविसेक किलोमीटरवर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तीस अवस्था तपासल्या जातात, त्यांत एडीएचडी आहे. शाळेत येणाऱ्या पथकाला सांगितलं तर ते जिल्ह्याच्या लवकर हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. सरकारी औषधालयात ॲटोमॉक्सेटीन आहे का, हे निघण्याआधी विचारा. नसेल तर तपासणी मोफत आणि गोळी बाहेरून, असा हिशेब मांडावा लागेल. या वाटेचा खर्च म्हणजे बसचं किंवा रेल्वेचं भाडं, एक बुडालेला दिवस, आणि रांग. रेल्वे कर्मचाऱ्यांना तिरुचीच्या पोन्मलै इथलं रेल्वे रुग्णालय आहे, त्यांनी खासगीत जायची घाई करू नये.

तंजावर हे या बाबतीत अनोळखी गाव नाही, हे जाता जाता. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे धन्वंतरी महाल उभारला. वैद्यक आणि औषधयोग तपासून नोंदवायची ती जागा होती. औषध दिलं की त्याचा गुण काय आला हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या दरबाराला होती. आज व्हिडिओवर औषध घेणाऱ्याला तीच शिस्त लागते: रोजची एक ओळ. भूक, झोप, मळमळ, नाडी, शाळेतला दिवस. फॉलोअपच्या दहा मिनिटांत ही वही बोलते.

आणि फॉलोअप टाळून पैसे वाचवू नका. मळमळ, भूक मंदावणं, तोंड कोरडं पडणं, पेंग हे नेहमीचे त्रास. गोळी खाण्याबरोबर दिली तर मळमळ कमी होते. कॅप्सूल असेल तर फोडून दह्यात कालवायची नाही, आतली पूड डोळ्यात गेली तर चुरचुरते. ज्या मुलाला गिळता येत नाही त्याच्यासाठी हे आधीच डॉक्टरशी बोला. गंभीर गोष्टी दोन. मुलांत आणि किशोरांत सुरुवातीच्या महिन्यांत क्वचित जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. मूल अचानक गप्प, चिडकं किंवा निराश झालं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, १४४१६ चोवीस तास चालू असतो. दुसरी, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं: यकृताचा त्रास दुर्मिळ, पण तो झाला तर औषध बंद करून लगेच रुग्णालय. तेव्हा व्हिडिओ नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला सांगितलं. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देतात, आणि एडीएचडीचा सगळा खर्च बाह्यरुग्ण विभागाचा. पॉलिसीत ओपीडीची जोड असेल तरच परतावा. बँकेतल्या आणि सरकारी नोकरीतल्या लोकांनी आपल्या वैद्यकीय परताव्याचे नियम वाचावेत. मूळ बिल आणि चिठ्ठी मागितली जाते, मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

या सगळ्यातून माझा कौल मिश्र वाटेला. पहिली भेट प्रत्यक्ष: तंजावर किंवा कुंभकोणमला, नाहीतर सुट्टीत महाराष्ट्रात गेलात तर तिथे, पण ज्याच्याकडे पुढे जायचं आहे त्याच डॉक्टरकडे. मग सहा महिने व्हिडिओ. पहिल्या तीन महिन्यांत तीन-चार फॉलोअप धरा, नंतर दोन-तीन महिन्यांनी एक, आणि वर्षातून दोनदा प्रत्यक्ष. वजन वाढलं की मात्रा बदलते, ते व्हिडिओवर नीट कळत नाही.

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढची स्ट्रिप आणा. पोंगलच्या सलग सुट्ट्यांत दुकानं आणि कुरिअर मंदावतात. दिवाळीला गावी जाताना चिठ्ठीची प्रत सामानात ठेवा, म्हणजे पुण्याच्या किंवा सांगलीच्या केमिस्टकडेही ती चालेल.